अधूनमधून ओरडणारी मोटार

रोज होणारा बिघाड शोधणें सोपें. चार दिवस गप्प राहून पांचव्या दिवशीं ओरडणारा बिघाड मात्र भल्याभल्यांना चकवितो. इंग्लंडांत १९४८ ते १९७१ पर्यंत तयार झालेली मॉरिस मायनर ही चिमुकली मोटार आजहि अनेक हौशी लोकांनीं जपून ठेवली आहे. धन्यानें सकाळीं स्टार्टर मारावा, आणि इंजिन फिरण्याऐवजीं लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा कर्कश आवाज यावा. पुन्हां मारतांच गाडी निमूटपणें चालू व्हावी, असें पुष्कळदां घडतें. कारखान्यांत नेली कीं ती शहाण्या मुलासारखी वागते. अखेर कंटाळून नवा स्टार्टर बसविला जातो, आणि थोड्या दिवसांनीं तोच आवाज पुन्हां!

पहिला प्रश्न असा कीं, आवाज इंजिन पेटण्यापूर्वीं येतो कीं पेटल्यावर? पेटल्यावर दोन-चार सेकंद खडखडून थांबत असेल, तर रात्रभरांत गाळणींतलें तेल खालीं उतरल्याचा संशय घ्यावा. तो विषय निराळा. पूर्वीं येत असेल, तर दोष स्टार्टर व फ्लायव्हील यांच्या गांठीभेटींत आहे.

ही गांठभेट व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या युक्तीनें होते. स्टार्टरच्या दांड्यावर मळसूत्री आटे असून त्यांवर एक लहान दंतचक्र सैल बसविलेलें असतें. दांडा झटक्यानें फिरला कीं चक्र जडत्वामुळें मागें रहातें आणि आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या कडेवरील दांत्यांत अडकतें. झटका मात्र हवाच. बॅटरी मरगळलेली असली किंवा आटे मळलेले असले, तर चक्र तेथवर पोंचतच नाहीं व नुसती घरघर ऐकूं येते. आटे घासलेटानें धुवावे. तेल लावूं नये, कारण क्लचची धूळ त्यावर चिकटून दुखणें वाढतें.

खरी मौज फ्लायव्हीलमध्यें आहे. चार सिलिंडरांचें इंजिन बंद होतांना वाटेल तेथें थांबत नाहीं. दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरांत दाब चढतो. त्या दाबाशीं अडून तें बहुधा दोनच जागीं, समोरासमोर, विसावतें. म्हणून वर्षानुवर्षें स्टार्टरचा घाव त्याच थोड्या दांत्यांवर बसतो. ते झिजतात, बाकीचे जवळजवळ नव्यासारखे रहातात. झिजल्या जागीं इंजिन थांबलें कीं आवाज, एरव्हीं शांतता. लहरीपणा म्हणतात तो एवढाच!

परीक्षेला पैसा पडत नाहीं. आवाज होतांच किल्ली बंद करून गाडी न्यूट्रलमध्यें आणावी, पट्ट्याच्या पुलीवर खडूनें खूण करावी आणि हँडलनें इंजिन पाव फेरा फिरवून पुन्हां स्टार्टर मारावा. (हँडल धरतांना अंगठा बोटांच्याच बाजूला असावा, इंजिन उलट फिरलें तर हात मोडतो. १९१२ सालीं कॅडिलॅकवर विजेचा स्टार्टर आला, तो याच जाचांतून.) कांहीं दिवसांच्या खुणा समोरासमोरच्या दोन जागीं गोळा झाल्या, तर निदान पक्कें. खुणा सर्वत्र विखुरल्या, तर स्टार्टर काढून त्याचे आटे, स्प्रिंग व चक्राचे दांते पहावे. तत्पूर्वीं त्याचे बोल्ट ढिले नाहींत ना, हेंहि.

फ्लायव्हीलवर नवें दांतेरी कडें तापवून बसवितां येतें, पण त्यासाठीं इंजिन उतरवावें लागतें. म्हणूनच निदान आधीं हवें. तें काम होईपर्यंत चक्र कधीं दांत्यांत रुतून बसलेंच, तर स्टार्टरच्या मागील टोपणाखालीं दांड्याचें चौकोनी टोंक असतें. पान्यानें तें फिरवितांच चक्र सुटतें.