मिरे गावची किरण आणि टीव्हीवर न दिसणारे सामने

तव्यावर भाकरी असेल तर ती उतरवून घ्या आणि पाच मिनिटं आमच्याजवळ बसा.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आमच्या गटातली एक बाई म्हणाली, "पोरगी तीन वर्षं झाली मैदानावर जातीय. तालुक्याच्या पुढं काही नाव निघंना. आता बंद करावं का?" आम्ही सगळ्या गप्प. बंद कर म्हणायला जीभ रेटेना, आणि चालू ठेव म्हणायला कारण सापडेना. ते कारण शोधता शोधता आपल्याच जिल्ह्यातली एक पोरगी सापडली.

किरण नवगिरे. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची, शेतकरी घरातली. गावात पोरांबरोबर क्रिकेट खेळायची, पण आधी नाव कमावलं ते भालाफेक आणि गोळाफेकीत. क्रिकेटकडं ती पुरती वळली नंतर, पुण्याला शिकायला गेल्यावर.

आता एक गोष्ट समजून घेऊ. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो भारताचा संघ. त्याच्या खालच्या पायरीवर असतात राज्यांचे संघ. त्यांच्या सामन्यांना प्रेक्षक जवळजवळ नसतातच. शेकडो मुली तिथं वर्षानुवर्षं खेळतात आणि त्यांची नावं आपल्या कानावरही येत नाहीत. राज्याच्या संघात फलंदाजीची संधी पुरेशी मिळाली नाही, तर दुसऱ्या राज्याकडून पाहुणी खेळाडू म्हणून खेळता येतं. द्राक्षाच्या छाटणीला आपण बाहेरगावचे कारागीर बोलावतो ना, तसंच. किरण अशीच नागालँडकडून खेळायला गेली. कुठं माळशिरस, कुठं नागालँड!

तिथं एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिनं ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढल्या. वीस षटकांच्या सामन्यात दीडशेच्या पुढं जाणारी ती पहिली भारतीय. पुढच्याच महिन्यात पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर मोठ्या खेळाडूंमध्ये उतरली आणि ३४ चेंडूंत ६९ धावा काढल्या. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये भारताकडून पहिला सामना खेळली.

पण भारताकडून तिच्या धावा झाल्या नाहीत. मोजके सामने झाले आणि नाव यादीतून गेलं. लोक म्हणतात ना, "झालं, एवढीच उडी होती." किरण मात्र खेळत राहिली. मार्च २०२३ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगमध्ये यूपी वॉरियर्झकडून ती पहिला सामना खेळली. इतरांच्या बॅटवर कंपन्यांची नावं होती. हिच्या बॅटवर हातानं लिहिलं होतं, 'एमएसडी ०७'. म्हणजे तिचा आवडता धोनी. त्याच बॅटनं तिनं अर्धशतक केलं.

लीग संपली की पुन्हा राज्याचे सामने. १७ ऑक्टोबर २०२५ ला नागपुरात ती महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध खेळत होती. वय ३१. त्या दिवशी तिनं ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये याआधी जगात कुणीच एवढ्या कमी चेंडूंत शतक केलं नव्हतं. जुना विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा होता, ३६ चेंडूंचा. मैत्रिणींनो, जगातला हा विक्रम झाला तो खालच्या पायरीवरच्या सामन्यात.

त्यानंतर पंधरवड्यानं, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. किरण त्या संघात नव्हती. पण त्या संघाला शिकवणारे अमोल मुझुमदार कोण आहेत? मुंबई, आसाम आणि आंध्रकडून दोन दशकं खेळून त्यांनी अकरा हजारांवर धावा केल्या. भारताकडून खेळायला मात्र एकदाही मिळालं नाही. ते सगळं शिकलेलं त्यांनी या मुलींना दिलं.

आता पैशाचंही बोलू, कारण ते आपणच बघतो. राज्याकडून खेळणाऱ्या मोठ्या गटातल्या मुलीला दिवसाच्या सामन्याला २०२१ पर्यंत साडेबारा हजार रुपये मिळायचे. मग वीस हजार झाले. डिसेंबर २०२५ मध्ये क्रिकेट मंडळानं ते पन्नास हजार केले. वीस षटकांच्या सामन्याला पंचवीस हजार. टीव्हीवर न दिसणाऱ्या खेळालाही मोल आलं.

म्हणून प्रत्येक पोरगी किरण होईल का? नाही. बहुतेक होणार नाहीत, हे आम्ही त्या बाईला स्पष्ट सांगितलं. पण "नाव निघालं नाही" एवढ्यावर खेळ बंद करायचा, तर किरणचा २०२२ लाच बंद झाला असता. पोरीचं अंग कणखर होतंय का, तिला तिथं जायला आवडतं का, शाळा चालू आहे का, एवढं आधी बघावं.

बोलता बोलता खरी अडचण बाहेर आली. नावाचा प्रश्न नव्हताच. मैदान गावापासून दोन किलोमीटर, आणि पोरगी परत येताना अंधार पडतो. आईचा जीव तिथं टांगलेला. मग आमच्यातल्या दोघींनी सोमवार ते शनिवार आळीपाळीनं तिला आणायला जायचं ठरवलंय. पोरगी अजून खेळतीय.

तुमच्या गटातही अशी एखादी आई असेल. तिला आधी विचारा, नेमकी अडचण कशाची आहे. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.