ग्रामीण शाळा आणि प्रयोगातून विज्ञान



बडोद्याजवळील कोयली हे गाव देशाच्या औद्योगिक नकाशावर आले ते तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेला हा कारखाना १९६६ साली राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला. कोयलीचे बालक ते उंच मनोरे रोज पाहते. त्यांच्या पोटात काय घडते, हे त्यास कोणी नुसते सांगितले तर ते ऐकीव ज्ञानच राहते. याउलट, शिक्षकांनी किटलीत मिठाचे पाणी उकळावे, तोटीपुढे थंड थाळी तिरपी धरावी आणि तिच्यावरून ओघळलेले थेंब निवल्यावर मुलांना चाखावयास द्यावेत. थेंब खारट लागत नाहीत. मीठ मागे राहिले, पाणी वाफ होऊन पुढे गेले, हे मूल स्वतःच सांगू लागते. मनोऱ्यातही उकळणे आणि निवणे हेच दोन व्यवहार चालतात. तेथे पेट्रोलसारख्या हलक्या घटकांची वाफ माथ्यापर्यंत जाते. केरोसीन आणि डिझेल त्याखाली निरनिराळ्या उंचीवर निवतात. (प्रयोग पाण्यावरच करावा. शाळेत तेल अथवा रॉकेल तापविण्याचा मोह कोणीही धरू नये.)

अशा शिक्षणाचा मोठा प्रयोग आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात झाला आहे. तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तो आरंभिला. चार-चार मुलांच्या टोळीने प्रयोग करावा, निरीक्षणे लिहावीत आणि निष्कर्षाविषयी वर्गात वाद घालावा, अशी रीत होती. १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात पोहोचला. त्याच सुमारास पुण्यातील कारखान्यातून रजा घेऊन तेथे गेलेल्या अरविंद गुप्ता या तरुण अभियंत्यास बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आणि काडेपेटीतील काड्या जोडून त्यांनी त्रिकोण केला, तो ताठ राहिला. चौकोन केला, तो कलंडला. कर्णावर एक काडी बसताच चौकोनही ताठ झाला. विजेच्या मनोऱ्यात आणि छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे शिकविण्यास याहून स्वस्त साधन सापडणे कठीण. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली.

काडेपेटीचा आणखी एक गुण कार्यालयात काम केलेल्यांच्या ध्यानी येईल. तिची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होत नाही. शाळांना मिळालेली विज्ञानपेटी पुष्कळदा कपाटात कुलूपबंद राहते, कारण काचनळी फुटली तर हिशेब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. तपासणी अधिकाऱ्यांनी फुटलेल्या नळ्या मोजण्याऐवजी न वापरलेल्या मोजल्या, तर पुष्कळ फरक पडेल.

तथापि खरी अडचण साहित्याची नाही, परीक्षेची आहे. मुलांनी पटांगणात काठी रोवून तिची सावली दर पाच मिनिटांनी मोजली, असे समजा. मध्यान्ही, म्हणजे बारा वाजता, सावली सर्वांत लहान असते, असे त्यांनी पाठ केलेले असते. कोयलीत मात्र ती घड्याळाच्या बारा वाजता कधीच सर्वांत लहान होत नाही. साडेबाराच्या आगेमागे होते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि कोयली त्याच्या पश्चिमेस नऊ अंशांहून अधिक दूर आहे. एका अंशास चार मिनिटे, या हिशेबाने सुमारे सदतीस मिनिटांचा फरक पडतो आणि ऋतुमानाने तो थोडा कमीअधिक होतो. मुलाने आपल्या वहीतील बारा छत्तीस ही वेळ उत्तरपत्रिकेत लिहिली, तर गुण द्यावयाचे की कापावयाचे? गुण कापले गेले, की ते मूल पुढच्या वेळी सावली मोजणार नाही, पाठ करील. होशंगाबादमध्ये म्हणूनच परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा होती आणि प्रात्यक्षिकास गुण होते. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम राज्य शासनाने २००२ साली बंद केला. परंतु परीक्षेचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही.

कोयलीकरांना आणखी एक संधी आहे. गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातील तो दिवस बहुधा ढगांत जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यातील दिवस उन्हाळी सुटीत येतो. त्या दुपारी शाळेचे फाटक तासभर उघडे ठेवण्यास ग्रामपंचायतीने आणि मुख्याध्यापकांनी संमती द्यावी. काठी मुले आणतील.