चुलीचा वैल आणि वीजघरातील पूरक ज्वालक

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व खात्यातील कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय वीजघराचा असला तरी आरंभ मी आपल्या घरच्या चुलीपासून करतो. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असते, तेव्हा शेजारच्या वैलावर आमटी उकळत असते. वैलासाठी गृहिणी निराळे सरपण जाळीत नाही. तव्याखालून निसटणारी धगच तेथे उपयोगी पडते. मात्र अवचित पाहुणे आले आणि वैलावरही भराभर शिजवावे लागले, तर ती एखादी काटकी वैलाकडे सरकवते. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजघरांतही हेच दोन प्रकार आढळतात. त्यांतील दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे त्या जास्तीच्या काटकीविषयी, मला आज सांगावयाचे आहे.

गॅस टर्बाइनमध्ये बाहेरची हवा ओढून दाबली जाते, तिच्यात इंधन जाळले जाते आणि त्या तप्त वायूच्या झोताने पाती फिरून वीज निर्माण होते. काम संपवून बाहेर पडणारा वायूही सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअस इतका तप्त असतो. तो तसाच धुराड्यातून सोडून दिला, तर इंधनातील उष्णतेचा मोठा भाग आकाशात जातो. म्हणून त्याच्या वाटेवर बाष्पित्र, म्हणजे बॉयलर, बसवितात. त्यातील पाण्याची वाफ होते आणि तिच्यावर दुसरे टर्बाइन चालते. यालाच संयुक्त चक्र म्हणतात.

रायगड जिल्ह्यातील उरणचे वीजघर याचे जवळचे उदाहरण होय. तेथे १९८२ पासून गॅस टर्बाइने बसविण्यात आली. पुढे १९९४ मध्ये त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच जोडले गेले. जी धग पूर्वी हवेत विरत होती, तिच्यातून २४० मेगावॉट क्षमता उभी राहिली. हा झाला वीजघराचा वैल.

येथे कोणीही विचारील की, एवढी उष्णता फुकट मिळत असताना तेथे पुन्हा आग कशासाठी लावावयाची? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या तप्त वायूतच दडलेले आहे.

टर्बाइनच्या पात्यांना ज्वालेची संपूर्ण उष्णता सोसत नाही. म्हणून इंधन जळण्यास लागते त्याच्या सुमारे तिप्पट हवा आत घ्यावी लागते. परिणामी बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायू बराच शिल्लक राहतो. आपल्या भोवतालच्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. या वायूत तो १३ ते १५ टक्के असतो. म्हणजे नवी हवा न घेताही त्यात आणखी इंधन जळू शकते. टर्बाइन व बाष्पित्र यांना जोडणाऱ्या मार्गात भोके पाडलेल्या नळ्यांच्या आडव्या ओळी बसवून तेथे वायू पेटवितात. हाच पूरक ज्वालक. त्यामुळे साडेपाचशे अंशांचा वायू साडेसातशे-आठशे अंशांपर्यंत तापविता येतो आणि वाफ पुष्कळ वाढते. त्याहून फार पुढे जावयाचे झाल्यास मार्गाच्या भिंती पाण्याच्या नळ्यांनी थंड ठेवाव्या लागतात.

आता हिशेब पाहू. समजा, गॅस टर्बाइनला १०० भाग उष्णतेचे इंधन दिले. त्यातून ३५ भाग वीज मिळाली आणि मागे उरलेल्या उष्णतेवर वाफेच्या टर्बाइनने आणखी १७ भाग वीज दिली. एकूण ५२ झाली. आता पूरक ज्वालकात २० भाग इंधन जाळले. ही उष्णता पहिल्या टर्बाइनमधून जात नाही; ती केवळ वाफेच्या टर्बाइनला मिळते आणि तिच्यातून सुमारे ७ भाग वीज निघते. म्हणजे १२० भागांतून ५९ भाग वीज मिळाली. वीज वाढली खरी, परंतु शेकडा ५२ चे प्रमाण ४९ वर आले. केवळ विजेसाठी ज्वालक अखंड पेटत ठेवणे म्हणजे दोन वेळा राबू शकणारे इंधन एकदाच राबविणे होय.

पण गरज वाफेचीच असेल, तर हिशेब पालटतो. खत कारखाने, तेलशुद्धीकरण कारखाने, साखर वा कागद कारखाने यांना विजेइतकीच वाफही हवी असते. साध्या बाष्पित्रात इंधन जाळताना थंड हवा आत घ्यावी लागते आणि तापलेली हवा धुराड्यातून जाताना उष्णता घेऊन जाते. पूरक ज्वालकाला नवी हवा लागतच नाही, त्यामुळे धुराड्यावाटे होणारा तोटा जवळजवळ वाढत नाही. जास्तीच्या इंधनातील बहुतेक सर्व उष्णता वाफेत उतरते. अशा ठिकाणी हा ज्वालक उधळपट्टी नसून काटकसर ठरतो.

दुसरा प्रसंग उन्हाळ्याचा. हवा तापली की विरळ होते आणि गॅस टर्बाइनची शक्ती घटते. नेमक्या त्याच दिवसांत पंप व पंखे यांची मागणी वाढते. संध्याकाळी सूर्य मावळून सौर वीज थांबते, तेव्हाही काही तास ओढ असते. अशा थोड्या वेळासाठी नवे वीजघर बांधण्यापेक्षा ज्वालक पेटविणे सोयीचे पडते. अर्थात, वाफेचे टर्बाइन व त्याचे जनित्र हा जादा भार पेलण्याइतके मोठे आधीच घेतलेले असले पाहिजे.

सुरक्षिततेची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, ती लक्षात राहावी म्हणून. न जळलेला वायू त्या बंदिस्त मार्गात साचला आणि नंतर ठिणगी पडली, तर स्फोट होतो. म्हणून पेटविण्यापूर्वी त्या पोकळीच्या किमान पाचपट हवा आतून वाहवून ती स्वच्छ केली जाते, आणि ज्योत विझताच इंधन आपोआप बंद करणारी योजना असते. या दोन नियमांत घाईसाठी सूट नाही. घरात सिलिंडरचा वास आला असता प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बटणाला हात लावू नये, असे आपण मुलांना शिकवितो. नियम तोच आहे.

आपल्या देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा परदेशांतून आणावा लागतो. तेव्हा अधिकाऱ्यांनी कोणत्याही योजनेचा कागद पाहताना ‘मेगावॉट किती वाढले?’ एवढ्यावर थांबू नये. ‘किती इंधनात वाढले आणि किती तासांसाठी?’ हेही विचारावे. शिक्षकांनी वर्गात हा ५२ आणि ४९ चा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. आणि माझ्या शेतकरी बंधूंना व माताभगिनींना मी काय सांगणार? वैलाकडे काटकी केव्हा सरकवावी आणि केव्हा ओढून घ्यावी, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तोच विवेक आम्हा यंत्रे चालविणाऱ्यांनी बाळगावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.