उच्च तापमानाची संमिश्रे : प्रश्न भांडवलाच्या काळाचा
(मेलकावेरी, कुंभकोणम येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



येथून जवळच, स्वामीमलैला, मूर्तिकार मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाचे थर चढवितात. मूर्ती मोठी असेल तर तो साचा लोखंडी तारांनी आवळतात. माती उष्णता सोसते, पण ती ठिसूळ. वितळलेल्या धातूच्या भाराने साचा तडकला, तर सारे श्रम वाया जातात.

तंतुयुक्त सिरॅमिक संमिश्रामागील गरज हीच आहे. सिलिकॉन कार्बाइड प्रखर उष्णता सोसते, मात्र एक तडा गेला की फुटते. म्हणून त्याच पदार्थाचे केसाहून बारीक तंतू त्यात गुंफतात. तंतूंवर बोरॉन नायट्राइडसारखा पातळ लेप असतो. तडा तंतूपाशी येऊन वळतो, तंतू किंचित सरकतो आणि वस्तू टिकते. पकड थोडी सैल ठेवल्याने चिवटपणा वाढावा, ही गंमतच म्हणायची!

सिलिकॉन आणि कार्बन दुर्मीळ नाहीत. महाग आहे तो वेळ. विणलेल्या तंतूंमधील पोकळ्या भरण्यासाठी पॉलिमर मुरवून भाजण्याची क्रिया पुनःपुन्हा करावी लागते. वायूपासून थर बसवायचा तर भट्टी कित्येक आठवडे अडकून राहते. व्याज मात्र चालूच असते. जपानमध्ये सेइशी याजिमा यांनी पॉलिमरपासून हा तंतू बनविण्याची रीत १९७५ मध्ये मांडली. लीप या प्रवासी विमानांच्या इंजिनात अशा संमिश्राचा भाग २०१६ मध्ये सेवेत आला. मधली ४१ वर्षे कोणत्या बँकेने धीर धरला असता?

इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी याच कुळातील कार्बन-कार्बन संमिश्राचा, सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेला नोझलचा भाग तयार केला. याच राज्यातील महेंद्रगिरी येथे २ एप्रिल २०२४ रोजी त्याची २०० सेकंद चाचणी झाली. तापमान १,२१६ केल्विनपर्यंत गेले. पूर्वीच्या कोलंबियम मिश्रधातूऐवजी हा भाग वापरल्यास नोझलचे वजन ६७ टक्क्यांनी घटते आणि यानाची वहनक्षमता १५ किलोग्रॅमपर्यंत वाढते. या १५ किलोंतून मिळणारे उत्पन्न प्रत्येक उड्डाणात मोजता येते. खासगी उद्योजकाला असा हिशेब क्वचितच मांडता येतो.

म्हणून भट्टीसाठी अनुदान देण्यापेक्षा अंतराळ, संरक्षण आणि विमान विभागांनी एकत्र येऊन देशी तंतूच्या खरेदीची दहा वर्षांची लेखी हमी द्यावी, असे माझे मत आहे. अनुदानातून भट्टी उभी राहते खरी. मागणी नसेल तर ती दुसऱ्या वर्षीच थंड पडते.