मुहूर्त आणि शिधा



पत्रिकेत माझा विषय ‘वनस्पतींचा पुष्पकाल आणि अमिनो आम्लांची जनुके’ असा छापला आहे. शीर्षक संयोजकांनी दिलेलं आहे, तेव्हा त्याची जबाबदारीही त्यांचीच. (हशा) मी बोलणार आहे अननसावर.

झाड कधी फुलणार असं विचारलं की सगळे आभाळाकडे बघतात. दिवस केवढा, रात्र केवढी! गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवर ते दाखवून दिलं, पुढे पानाचा निरोप शेंड्याला पोचवणारं एफटी नावाचं प्रथिन सापडलं. हे सगळं आपल्याला ठाऊक आहेच, नसलं तर शेजारच्यांना विचारा. माझी तक्रार एवढीच, की आपण पंचांगाला फार भाव दिला. मुहूर्त पंचांगात असतो, पण कार्य निघतं ते कोठीत शिधा असेल तर.

अटलांटिक महासागरात अझोरेस नावाची पोर्तुगीज बेटं आहेत. ‘अननस’ हा शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्याच तोंडून. तिथे काचघरांत अननस लावतात. असं सांगतात, की काम करणाऱ्या सुताराचा भुसा एका काचघरात पेटला. धूर कोंडला, मालकानं कपाळाला हात लावला, आणि काही आठवड्यांनी बघतो तर सगळी रोपं एकदम फुलोऱ्यावर! भुसा पेटला तो सुतारामुळे की आणखी कुणामुळे, याची खात्री मी देत नाही; पण धुरी देण्याची पद्धत तिथे रूढ झाली हे खरं. धुरातला कर्ता इथिलीन वायू आहे हे १९३२ साली पोर्तो रिकोत रोद्रिगेझ यांनी दाखवलं. आपल्या आजीच्या आंब्याच्या आढीत कोंडलेला वायू तोच.

आता एकच प्रश्न. धूर बाहेरचा, पण अननस आपण होऊन फुलतो तेव्हा इथिलीन आणतो कुठून? मेथिओनिनपासून. मेथिओनिन म्हणजे अमिनो आम्ल, डाळीत कमी आणि अंड्यात भरपूर असतं ते. कॅलिफोर्नियात डेव्हिसला शांग फा यांग यांच्या प्रयोगशाळेत १९७९ साली सफरचंदाच्या तुकड्यांना खूण केलेलं मेथिओनिन पाजलं. तुकडे हवेत ठेवले, इथिलीन निघालं. नुसत्या नायट्रोजनमध्ये ठेवले, तर इथिलीन थांबलं आणि तुकड्यांत एक पदार्थ साठत गेला. त्याचं नाव एसीसी; हवा मिळाली की त्याचंच इथिलीन होतं. गंमत अशी, की हे एसीसीसुद्धा अमिनो आम्लच आहे, फक्त प्रथिनांच्या पंगतीला त्याला पान मिळत नाही. आणि मेथिओनिनमधलं गंधक झाड टाकून देत नाही. खरकटं भांडं घासून पुन्हा चुलीवर चढवावं तसं नव्या मेथिओनिनमध्ये घालतं.

एसीसी बनवणाऱ्या विकराचं एक जनुक ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंड विद्यापीठात, ट्रुसोव्ह आणि बोटेला यांनी अननसात गप्प केलं. ते २००६ साली प्रसिद्ध झालं. रोपं उशिरा फुलली. ऊन तेच, थंडी तीच, शेत तेच. कोठीतला एक आचारी तेवढा रजेवर पाठवला होता!

तिसऱ्या रांगेतले आमचे माजी विद्यार्थी मघापासून मान हलवताहेत. ते प्रकाशावर काम करतात. अहो, थंड रात्री आणि लहान दिवस अननसाला फुलवतात हे मला मान्य आहे! पण ती थंडी दार ठोठावते ते याच जनुकाचं, असं ट्रुसोव्ह आणि बोटेला यांचं म्हणणं. आता तुम्ही अॅराबिडॉप्सिस काढणार. काढा. मोहरीच्या कुळातल्या त्या वीतभर रोपात तेच इथिलीन फुलणं लांबवतं. मग? एका घरात पाहुणे आल्यावर पंगत लवकर बसते, दुसऱ्या घरात उशिरा. कोठी दोन्हीकडे आहेच.

एकच वायू दोन झाडांत वेगवेगळा वागतो, हे मी किंमत मोजून शिकलो. केरळातले बागायतदार एथ्रेल, युरिया आणि थोडी चुनखडी यांचं पाणी अननसाच्या पोंग्यात रोपामागे पन्नास मिलिलिटर ओततात. एथ्रेल झाडात गेल्यावर इथिलीन सोडतं. मी परसात तोच प्रयोग केला आणि उरलेलं पाणी, वाया कशाला घालवा, म्हणून ईडलिंबावर शिंपडलं. अननस फुलले. ईडलिंबू चार दिवसांत बोडकं झालं. त्यावर घरात जे व्याख्यान झालं, ते आजच्यापेक्षा लांब होतं. (हशा)

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं? नाही, दोन. मग आंबा राहिला. फिलिपिन्सच्या रामोन बार्बा यांनी पोटॅशियम नायट्रेट फवारून आंब्याला मोहोर आणला, त्यावर अर्धा तास तरी हवा होता. पुढच्या वर्षी बोलवा.

घरी कुंडीत अननस असेल, पुरेसा वाढूनही फुलत नसेल, तर एक पिकलेलं सफरचंद त्याच्याशेजारी ठेवा, दोघांवर मिळून प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि आठवडाभर उन्हाच्या झळीपासून लांब ठेवा. साधारण दीड-दोन महिन्यांनी पोंग्याच्या मधोमध तांबूस कोंब दिसेल. त्यातला एकेक डोळा म्हणजे एकेक फूल. फळ काढल्यावर मूळ रोप मरतं. बुडाशी आलेली पिल्लं तेवढी वेगळी करून लावा.