उरलेल्या नजरेची जोपासना

डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, चष्माही लागला, तरी फळ्यावरचं अक्षर दिसत नाही. याला अल्पदृष्टी म्हणतात: चष्म्यानंतरही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी, पण पूर्ण अंधत्व नाही. नंदुरबारच्या आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करू शकतो. त्या रुग्णांनी डोळे जरूर तपासून घ्यावेत.

‘आता काही होणार नाही’ असं ऐकून माणसं घरी परततात, याचं फार वाईट वाटतं. कारण ऑप्टोमेट्रिस्टचं, म्हणजे नजर तपासून चष्मा-भिंगं सुचवणाऱ्या तज्ज्ञाचं, खरं काम तिथूनच सुरू होतं. त्यासाठी बारावी विज्ञाननंतर इंटर्नशिपसह पदवी, आणि पुढे अल्पदृष्टी पुनर्वसनाचा अनुभव लागतो. हा तज्ज्ञ आधी विचारतो, तुम्हाला काय करायचंय? धडगावच्या पाड्यावरच्या आजीला पुस्तक वाचायचं नसेल, तांदळातले खडे वेचायचे असतील. मग काळं ताट, बाजूनं उजेड, स्टँडवरचं भिंग. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईला खाली पांढरी चादर. शाळकरी पोराला पहिला बाक, जाड काळं पेन, लांबचं पाहायला छोटी दुर्बीण. भिंग किती अंतरावर धरायचं, हेही चिकाटीनं शिकवावं लागतं. हे सारं पावरी किंवा भिली बोलीत समजावणारी इथलीच मुलं-मुली या पेशात यायला हवीत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं, तर प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.