मॉरिशसचा दक्षिण किनारा : गाडी आपल्या हाती

मॉरिशसचा विमानतळ आग्नेयेला, माहेबूर गावाजवळ आहे. पण तिथे उतरणारे अनेक पाहुणे दक्षिणेकडे पाठ फिरवून थेट उत्तरेचं ग्राँ बे गाठतात. दक्षिण किनारा निवांत राहिला, याचं कारण समुद्रातच आहे. या बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचं कडं आहे. ते लाटा बाहेरच थोपवतं आणि आत उथळ, संथ पाणी राहतं. सुइयाकजवळ ग्री ग्री इथे हे कडं तुटतं. लाटा सरळ काळ्या कातळावर आदळतात, पोहणं जिवावर बेतू शकतं. मग तिथे हॉटेलांची रांग कशी लागणार? पश्चिमेकडे बेल ओंब्रला पुन्हा प्रवाळाचा आडोसा मिळतो, आणि मोठी हॉटेलंही तिथेच दिसू लागतात. समुद्र आणि वस्ती यांचं हे नातं एखाद्या ठिकाणी उतरून कळत नाही. ते दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर उलगडतं, म्हणून इथे गाडी आपल्या हाती हवी.

कुणी म्हणेल, बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब. सहलीच्या बसने एका दिवसात उरकेल की! अंतर उरकेल, पण बस ठरलेल्या थांब्यांवरच थांबते. उसाच्या फडात मधूनच काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात, तिथे ती कशाला थांबेल? ज्वालामुखीच्या या जमिनीतले धोंडे वेचून मजुरांनी ते रचले आणि ऊस उभा राहिला. 1834 नंतर भारतातून गेलेल्या गिरमिटियांमध्ये, म्हणजे करारबद्ध मजुरांमध्ये, मराठी माणसंही होती. तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. ते दगडांचे ढीग आपल्यालाही परके नाहीत.

परमुलखात गाडी चालवणं धोक्याचं, ही शंका मात्र रास्त आहे. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, ही जमेची बाजू. पण गावांतले रस्ते अरुंद आहेत, माकोंदेला रस्ता कड्याला वळसा घालून थेट पाण्यालगत जातो, आणि कापणीआधीचा उंच ऊस वळणापलीकडचं दिसू देत नाही. म्हणून अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोहोचावं. त्यासाठी मुक्कामही दक्षिणेतच हवा. उत्तरेत राहून रोज ये-जा केली, तर दिवसाचा बराच वेळ गाडीतच सरतो. किमान दोन रात्री इथे काढा आणि प्रवासाचा शेवट ल मॉर्नला करा. पळालेले गुलाम याच डोंगरावर आसरा घेत; 2008 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानलं. पोहायचं ते प्रवाळाच्या आडोशाला. ग्री ग्रीला काठावर उभं राहा, पाण्यात मात्र उतरू नका.